नवीन डिजिटल कॅमेरा घेतलाय, फोटो मोबाइलपेक्षा फिके दिसतात. एडिटिंग कुठून सुरू करू? फोटोशॉप शिकावंच लागेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऐरोलीहून बोटीनं फ्लेमिंगो बघायला गेलात, कॅमेऱ्यानं भरपूर फोटो काढले, आणि घरी येऊन बघता तर बहिणीच्या मोबाइलमधले फोटो तुमच्यापेक्षा झकास. ठाण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं करतो. नवा कॅमेरा गळ्यात घालून हीच तक्रार सांगणारं कोणी ना कोणी दर फ्लेमिंगोच्या मोसमात दुकानात येतंच.

आधी कॅमेऱ्यावरचा आळ काढून टाकू. मोबाइलचं बटण दाबलं की तो पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो, सावल्या उजळतो, रंग चढवतो, कडा धारदार करतो आणि मगच फोटो दाखवतो. म्हणजे तिथे एडिटिंग झालेलंच असतं, फक्त तुम्हाला न विचारता. कॅमेरा जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो फाइलमध्ये, यातलं थोडं करतो आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या माहितीत, जवळपास काहीच करत नाही. उरलेलं काम तुमच्यासाठी ठेवलेलं असतं.

फोटोशॉप शिकावं लागेल का, तर नाही. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. कॅननसोबत डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनसाठी एनएक्स स्टुडिओ, सोनीसाठी इमेजिंग एज ही कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि सुरुवातीला पुरून उरतात. पुढे जायचं असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्हीही फुकट आहेत. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबी कंपनीचं लाइटरूम उत्तम आहे, पण दर महिन्याला पैसे भरा. हात बसल्यावर ठरवा. यूट्यूबवर मात्र लगेच जाऊ नका. तिथे पहिल्याच व्हिडिओत कोणीतरी आभाळ बदलायला शिकवतं आणि आपण मूळ काम सोडून त्यातच रमतो.

मी नवीन मुलांना एकच सवय लावतो. फोटो उघडल्यावर माउसला हात लावायचा नाही. आधी काय खटकतंय ते मोठ्यानं, साध्या मराठीत म्हणायचं. ‘पाणी तिरकं आहे.’ ‘सगळं निळसर दिसतंय.’ ‘चेहरा काळा पडलाय.’ मग त्या तक्रारीचा स्लायडर, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवायची पट्टी, शोधायचा. ज्याची तक्रार नाही तो स्लायडर जिथे आहे तिथेच राहू द्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये पन्नास स्लायडर दिसतात म्हणून घाबरायला होतं, पण एका फोटोच्या तक्रारी तीन-चारच असतात.

तुमचाच बोटीवरचा फोटो घेऊ. बोट डुलत असते, त्यामुळे पहिली तक्रार हमखास तीच, पाणी एका बाजूला सांडतंय. ते सरळ करताना एक गोम आहे. खाडीत समोर दिसणारी काठाची रेघ खरं क्षितिज असतेच असं नाही, काठ दूर वळत गेला की ती मुळातच तिरपी दिसते. तिला धरून फोटो सरळ केलात तर पक्षी उतारावर उभे वाटतील. त्याऐवजी फोटोच्या मधोमध उभं काय आहे ते बघा. खाडीतला विजेचा मनोरा, ऐरोली पुलाचा खांब, मागची एखादी उंच इमारत. ती ताठ करा, पाणी आपोआप ताळ्यावर येतं.

मग क्रॉप, म्हणजे नको असलेल्या कडा कापणं. 24 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. पक्षी लांब होता म्हणून रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केलीत तर हातात 6 मेगापिक्सेलच उरतात. इंचाला 300 पिक्सेल धरले तर 10 इंच रुंदीची प्रिंट अजूनही छान निघेल, त्यापुढे दाणे दिसायला लागतात. पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडे थोडी मोकळी जागा सोडा, आणि कापताना पायांचं पाण्यातलं प्रतिबिंब अर्धवट तोडू नका. फ्लेमिंगोच्या फोटोत अर्धी शोभा त्या प्रतिबिंबाचीच असते.

आता रंग. सकाळच्या धुरकट उजेडात फोटोवर निळसर-करडी झाक चढते. व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंगाची झाक काढायचं, ड्रॉपर घ्या आणि खरोखर पांढऱ्या किंवा करड्या असलेल्या गोष्टीवर टिचकी मारा. चिखलावर नको, तो तपकिरी असतो. फ्लेमिंगोवर तर नकोच, सगळा फोटो हिरवट होईल. बाजूला एखादा बगळा उभा असेल तर त्याच्या सावलीतल्या पंखावर मारा, काम झालं. पण बगळा उन्हात जळून सपाट पांढरा झाला असेल तर तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते आणि ड्रॉपर भलतंच काहीतरी देतं. एक अपवाद लक्षात ठेवा. सूर्योदयाचा सोनेरी उजेड असेल तर तो पूर्ण धुऊन काढू नका, त्याच्याचसाठी तर पहाटे उठलात.

आणि गुलाबी रंगाचं काय करायचं? इथे सगळे घसरतात. सॅच्युरेशन, म्हणजे सगळ्याच रंगांचा गडदपणा, ओढलं की पक्षी गुलाबी होतात खरे, पण चिखल नारिंगी होतो, तिवरं प्लास्टिकची दिसू लागतात आणि बोटीतल्या मंडळींचे चेहरे उकडलेल्या कोळंबीसारखे. आपल्या खाडीत दोन जाती येतात. लहान फ्लेमिंगो जास्त गुलाबी, मोठा बराचसा पांढुरका, आणि पिल्लं तर चक्क राखाडी. सगळ्यांना एकच रंग फासला की ज्याला पक्षी कळतात तो लगेच ओळखतो. सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स वापरा, ते फिक्या रंगांना जास्त आणि आधीच गडद असलेल्यांना कमी हलवतं. त्यानंही भागलं नाही तर प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर असतो, त्यात फक्त लाल आणि गुलाबी किंचित उचला.

लाल रंगाची दुसरी भानगड पाडव्याला कळते. कौपिनेश्वर मंदिरापाशी नववर्ष स्वागतयात्रेचे फोटो काढायला अर्धं ठाणं लोटतं. उन्हात भगवा फेटा इतका चमकतो की फोटोचा एकूण उजेड ठीक असूनही एकटा लाल चॅनेल काठोकाठ भरतो (प्रत्येक फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा बनलेला असतो). मग फेट्याच्या चुण्या जातात आणि डोक्यावर एक नारिंगी गोळा उरतो. हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख. तो फक्त करड्या रंगात बघितलात तर हे समजणार नाही. लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा निवडा आणि लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटलाय का बघा. चिकटला असेल तर हायलाइटचा, म्हणजे सर्वात उजळ भागांचा, स्लायडर खाली आणा, नारिंगीचं सॅच्युरेशन जरा उतरवा, चुण्या परत दिसू लागतात. त्याच फेट्याखाली चेहऱ्यावर सावली असते, तिच्यासाठी शॅडोचा स्लायडर. तो अर्ध्यापलीकडे नेलात तर काळ्या भागातून रंगीत दाणे वर येतात आणि नथीच्या मोत्यांपेक्षा तेच आधी दिसतात.

हे सगळं परत आणायला फाइलमध्ये मुळात काहीतरी असावं लागतं, म्हणून रॉमध्ये काढा म्हणतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. जेपेगमधलं आभाळ जरा ओढलं की पट्टे पडतात, रॉ ते सहन करतं. सुरुवातीला कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही साठतील असं सेटिंग ठेवा. जेपेग लगेच घरच्यांना पाठवायला, रॉ निवांत बसून शिकायला. कार्ड लवकर भरतं, तेवढं सोसा. जेपेगवरच काम करणार असाल तर मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका, प्रत काढून तिच्यावर खेळा. जेपेग उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडा तपशील झडतो.

शार्पनिंगबद्दल, म्हणजे कडा धारदार करण्याबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. सगळ्यात शेवटी, शंभर टक्के झूम करून, थोडंसं. हललेला फोटो त्यानं स्थिर होत नाही. तो सरळ डिलीट करा. खरं तर एडिटिंगचं निम्मं काम हेच आहे. एकाच पक्ष्याचे चाळीस फोटो असतील तर दोन ठेवा.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून जोडा, जशाच्या तसा पोचेल. एडिट झालेली फाइल बाहेर काढताना, म्हणजे एक्सपोर्ट करताना, कलर स्पेस (फाइलमधले रंग कोणत्या मापानं वाचायचे ते ठरवणारं सेटिंग) एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी ठेवलात तर बऱ्याच फोनवर आणि प्रिंटमध्ये रंग मेलेले येतात, मग पुन्हा कॅमेऱ्याला बोल लागतो.

आणि प्रिंट काढाच, पहिल्याच महिन्यात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या फाइल गडद असतात, कारण लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वर ठेवून एडिट केलेल्या असतात. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, खिडकीकडे पाठ करून बसू नका, आणि मग उजेड ठरवा. 6 बाय 4 आणि 12 बाय 18 या मापांत तुमचा पूर्ण फोटो बसतो, 10 बाय 8 मागितलंत तर कडा कापल्या जातात. तेव्हा तो क्रॉप घरूनच करून न्या, नाहीतर काउंटरवरचा मुलगा त्याला सुचेल तिथे कापेल. लॅबमध्ये ‘करेक्शन करू नका’ असंही आधीच सांगा. बहुतेक ठिकाणी मशीनला आपोआप दुरुस्ती लावलेली असते, आणि तुम्ही तासभर बसून जपलेला तो सकाळचा सोनेरी उजेड ती एका झटक्यात पांढरा करून टाकते. एकच फोटो दोन प्रकारे काढून घ्या, एक करेक्शनसह आणि एक बिनकरेक्शनचा. दोन्ही शेजारी ठेवलेत की तुमचा पडदा किती खोटं बोलतो ते दिसेल.