पार्सल परत पाठवायचंय? आधी हे बघा

वहिनी, पहिल्याच ऑनलाइन खरेदीत वस्तू परत पाठवायची वेळ आली म्हणून हात आखडू नका. मुळात बघायचं एकच, चूक कोणाची? वस्तू सदोष, नकली किंवा दाखवली त्यापेक्षा वेगळी निघाली, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही; 2020च्या ई-कॉमर्स (म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या) नियमांत तसं स्पष्ट आहे. अशा वेळी पिकअप, म्हणजे पार्सल घरून उचलून नेणं, त्याच्याच खर्चानं मागा. नुसतं मन बदललं तर मात्र त्याच्या अटी लागू. परतीचा खर्च किती, हे त्यानं आधीच सांगायला हवं. पैसे भरण्यापूर्वी ती ओळ शोधाच.

नवखी माणसं घाईनं स्वतःच कुरिअर करून मोकळी होतात. मीही इथे बडोद्यात दांडिया बाजारातून एक साडी अशीच परत पाठवली. पदराला बोटभर भोक होतं, पण फोटोच काढला नव्हता! कुरिअरचे 140 रुपये गेले ते गेलेच.

म्हणून:
- पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा. पत्त्याचं लेबल आणि दोष दोन्ही दिसू देत.
- खर्च देण्याचं लेखी घ्या. फोनवरचं ‘हो हो, देतो’ धरू नका.
- रावपुऱ्याच्या पोस्टातून पाठवलंत तर पावती जपा.

टोलवाटोलवी झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. घाबरू नका, तक्रार नोंदवायला वकील लागत नाही.