अधांतरी चुंबक चिकटतो का?

प्रश्न : सर, मी बारावीत आहे. लोखंडी गाभ्याच्या कॉईलखाली चुंबक तरंगता ठेवायचाय. खालच्या टोकाला चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर लावलाय. चुंबक थरथरतो, मग वर चिकटतो किंवा पडतो. करंट उलटा करून उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, आणि करावाच लागेल. करंट नसला तरी चुंबक गाभ्याला स्वतःच ओढतो. तो फार जवळ आला की करंट नुसता बंद करून भागत नाही, उलटा करून त्याला ढकलावं लागतं. त्यासाठी एच-ब्रिज, म्हणजे करंटची दिशा उलटवणारं सर्किट, वापर.

पण आधी सेन्सर बघ. ए३१४४ नंबरचा असेल तर तो चुंबक फक्त 'आहे-नाही' एवढंच सांगतो. तुला एसएस४९ई नंबरचा हवा. तो क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देतो. दिसायला दोन्ही तीन पायांचे, म्हणून दुकानात नंबर वाचूनच घे.

माझे सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते वेगळ्याच गोष्टीने. खालचा सेन्सर चुंबकाबरोबर कॉईलचं क्षेत्रही मोजतो! वरच्या टोकालाही तसाच सेन्सर लाव, वजाबाकी कर. कॉईलचं क्षेत्र दोन्ही टोकांना जवळपास सारखं, ते कटतं, चुंबकाचं उरतं.

थरथर थांबवायला अंतराबरोबर ते किती वेगाने बदलतंय हेही हिशेबात घे. हे गणित करायला अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) असेल तर लूपमधलं सीरियल प्रिंट, म्हणजे संगणकाला आकडे पाठवणारी ओळ, काढ, त्यात फार वेळ जातो. स्थिर चुंबकांच्या जोरावर असा समतोल टिकत नाही, हे इंग्रज गणिती अर्नशॉने १८४२ मध्येच दाखवलंय; तुझा सेन्सर क्षणोक्षणी तो सावरतोय. अंतर आणि वेग यांना हिशेबात किती वजन द्यायचं, ते गुणांक वाढवताना चुंबकाखाली स्पंज ठेव, नियोडिमियम पडला की तडकतो.