मास्तर, आज तुम्ही बसा

"शनिवारी संध्याकाळी सातला प्रॅक्टिस. साडेसातपर्यंत चर्चमध्ये कोण, तर मी, माझी पेटी आणि वॉचमन. आता सांगा मॅडम, रविवारची गाणी मी कुणाच्या जिवावर उभी करू?"

हे गृहस्थ खरं तर या प्रश्नासाठी आलेच नव्हते. झोप लागत नाही, बीपी वाढलाय, म्हणून बायकोने माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं होतं. वय पंचेचाळिशीचं, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर, आणि गेली अकरा वर्षं चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणतात. (त्यांच्या संमतीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) झोपेवर दहा मिनिटं बोलले, उरलेला सगळा वेळ गायनमंडळावर.

बेळगाव-खानापूर भागात हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो. भजनी मंडळाचे बुवा येतात, हौशी नाटकवाले येतात, गणेश मंडळाचे कार्यकर्ते येतात. पगार नाही, करार नाही, अशा माणसांकडून नियमितपणा मागायचा कसा? चर्चमध्ये त्यावर आणखी एक गाठ बसते. न येणारा माणूस मास्तरांना नव्हे, देवालाच नाही म्हणतोय असं वाटायला लागतं. "क्रिकेटला वेळ आहे, देवाच्या कामाला नाही," हे वाक्य पहिल्या भेटीत मी तीनदा ऐकलं.

पुढच्या भेटीला हजेरीवही आणायला सांगितली. आणली. चौदा नावं, सुवाच्य अक्षर, आणि गैरहजेरीच्या फुल्या लाल शाईने. वही बघताना मला एक गोष्ट दिसली, ती त्यांना अकरा वर्षांत दिसली नव्हती. जुलैची पानं लालभडक होती. खानापूर रस्त्यावरच्या गावांतून येणारी चार माणसं त्या महिन्यात गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत असतात. एका मुलीच्या नावापुढे साधारण दर तिसऱ्या आठवड्याला फुली होती.

"ही नर्स आहे. नाईटला असते."

"मग फुली लाल का?"

"न आलेली ती न आलेलीच की ओ."

मग मी विचारलं, शनिवार-रविवार तुम्ही स्वतः काय काय करता? कुलूप उघडायचं, माईकच्या वायरी ओढायच्या, गाण्यांच्या झेरॉक्स काढायच्या, पट्टी ठरवायची, पेटी वाजवायची, पहिला आवाज लावायचा, शेवटी सगळं आवरून कुलूप लावायचं. पेटी जुनी आहे, मधल्या सप्तकातली कोमल गंधाराची पट्टी अडकते आणि सूर वाजतच राहतो. कुठल्या गाण्यात ती कशी चुकवायची हे फक्त मास्तरांना माहीत. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, अभिमान होता. मी ते टिपून ठेवलं.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, तुम्ही शेवटचा रविवार कधी चुकवलात?

"एकही नाही. वडिलांना शुक्रवारी माती दिली, रविवारी पेटीवर बसलो."

"त्या दिवशी कुणी म्हणालं नाही, मास्तर, आज तुम्ही बसा?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पेटी कुणी वाजवली असती?"

आमच्या कामात एखादं वाक्य असं येतं की पुढची दहा मिनिटं आपण गप्प बसायचं असतं. मी बसले. वहीतली प्रत्येक लाल फुली त्या रविवारशी ताडून बघितली जात होती. मी बापाला माती देऊन आलो, आणि तुला पाऊस लागला म्हणून जमत नाही? या मापात कुणीच बसणार नव्हतं.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. घाई करून मी सुचवलं, अपेक्षा कागदावर लिहा आणि सगळ्यांना वाचून दाखवा. माझ्या डोक्यात गप्पांची बैठक होती. मास्तरांनी फॉर्मच छापून आणला: "मी वर्षभर प्रत्येक सरावाला हजर राहीन", खाली सहीची रेघ. सह्या झाल्या आणि महिन्याभरात दोघं सुटली. रागावून नव्हे, लाजून. सही केली आणि पाळता आली नाही, मग तोंड कसं दाखवायचं? मंडळ सोडणाऱ्यांपैकी खूप जण असे सुटतात. एक शनिवार चुकतो, दुसरा चुकतो, आणि तिसऱ्या शनिवारी आत पाऊल टाकण्यापेक्षा घरी बसणं सोपं वाटतं. परत यायच्या वाटेवर मास्तर लाल पेन घेऊन उभे असतात.

नर्स मुलगीही दोन महिने येत नव्हती. मी मास्तरांना सांगितलं, तिच्या घरी जा, पण बोलावायला जाऊ नका. चहा प्या, काय झालं ते ऐका आणि या. गेले. तिने चहा दिला, कुंदा दिला आणि मग शांतपणे सांगितलं, "मास्तर, ईस्टरच्या आधी तुम्ही माईकवरून म्हणालात, काही लोकांना देवापेक्षा झोप प्यारी आहे. मी सकाळी आठला ड्युटीवरून सुटून तशीच आले होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं." मास्तरांना आपण असं बोलल्याचं आठवतही नव्हतं. तिला तारीख आठवत होती. त्यांनी तिथेच माफी मागितली. पुढच्या रविवारी माईकवरूनही मागितली. हे मी सुचवलेलं नव्हतं, आणि मला विचारलं असतं तर मी कदाचित नको म्हणाले असते. पण ते बरोबर होते. माईकवर उडालेला शिंतोडा माईकवरच पुसावा लागतो.

दुसरा शोध एका वहीत लागला. बैलहोंगलकडच्या कानडी घरातला एक मुलगा, ढोलकीवर छान हात, गळाही चांगला, पण नवीन गाणं असलं की शनिवारी हमखास गायब. मास्तरांच्या मते आळशी. एकदा त्याची वही पेटीवर राहिली. उघडली तर सगळी मराठी गाणी कानडी लिपीत उतरवलेली, ओळीखाली ओळ, खाडाखोड करून. शाळा कानडी माध्यमाची, देवनागरी वाचतो पण अडखळत. झेरॉक्स हातात आली की सगळ्यांदेखत चुकायची भीती. मग आधी कुणाकडून तरी गाणं ऐकायचं, घरी लिहून काढायचं आणि पाठ झालं की दुसऱ्या आठवड्याला यायचं. 'माझा' मधला 'झ' तो 'झेंड्या'तल्यासारखा म्हणायचा आणि मागची पोरं हसायची. ना. वा. टिळकांनी (1861–1919) अभंग-ओवीचा बाज मराठी ख्रिस्ती उपासनेत आणला. ती गाणी मास्तरांच्या तीन पिढ्यांच्या तोंडात आहेत, त्यांना झेरॉक्सची गरजच नाही. या मुलाला मात्र प्रत्येक ओळ कमवावी लागत होती. सीमाभागात भाषेवरून मोर्चे निघतात ते सगळ्यांना दिसतं, असली वही दिसत नाही.

आता गाणी बुधवारीच ग्रुपवर पडतात, मास्तरांच्या आवाजात रेकॉर्ड केलेली, पट्टीसकट. पट्टीचाही एक किस्सा आहे. कीबोर्डवाला सगळं आपल्या गळ्याच्या सोयीने वर चढवायचा, काळी चारला. बाकावरचे बापे दुसऱ्या ओळीला गप्प व्हायचे आणि मास्तर म्हणायचे, मंडळीत उत्साह राहिला नाही! पट्टी खाली आणली आणि उत्साह आपोआप आला.

पाळीची कल्पना मास्तरांचीच. एका गुरुवारी बायबल घेऊन आले, मध्ये बसचं तिकीट खुणेला. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा 25वा अध्याय. दाविदाने मंदिराच्या सेवेला 288 शिकलेले गायक-वादक नेमले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांच्या 24 पाळ्या लावल्या, दर पाळीत बारा जण. चिठ्ठ्यांत लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद नाही. "मॅडम, हा अध्याय मी चाळीसदा वाचला असेन. नावांची यादी म्हणून पुढे जायचो. तिथेसुद्धा रोज तीच माणसं नव्हती हो!" फौंड्रीत तीन शिफ्ट लावणारा माणूस हे वाचून एवढा चकित झाला, याची मला गंमत वाटली.

मग दोन गट झाले, आलटून पालटून रविवार. वर्षाऐवजी हंगाम: ऑगस्ट ते नाताळ, जानेवारी ते ईस्टर, आणि लावणीच्या दिवसांत जे शहरात असतील त्यांच्यावर साधी भजनं, पेटी-ढोलकीवर. हंगाम संपला की कुणीही कारण न देता थांबू शकतो. पुढच्या हंगामाआधी मास्तर प्रत्येकाला फोन करतात, थांबलेल्यालाही. सराव सातला सुरू, सव्वाआठला बंद, एक जण आला तरी आणि गाणं अर्धं राहिलं तरी, कारण गावाकडची शेवटची बस मास्तरांसाठी थांबत नाही. जायची मोकळीक दिल्यावर सगळे जातील ही मास्तरांची भीती होती. पहिल्या हंगामाअखेर तिघं थांबली, त्यातली दोन पुढच्या हंगामाला परत आली. आधी सुटलेल्यांपैकी अकरा वर्षांत एकही परतलं नव्हतं.

पण मोकळीक म्हणजे सगळं चालतं असं नाही, आणि इथे मी मास्तरांपेक्षा कडक निघाले. कीबोर्डवाला मुलगा गुणी, सरावाला कधीच न येणारा, रविवारी पाच मिनिटं आधी येऊन सगळ्यांवर मात करणारा. मास्तर त्याला काही बोलत नसत. एक तर तो वाजवतो छान, दुसरं म्हणजे वडील कमिटीवर. मी विचारलं, नर्सला माईकवरून बोललात आणि याला खासगीतही नाही? हा प्रश्न त्यांना लागला. त्यांनी त्याला एकट्याला गाठून सांगितलं, हंगाम घेतलास तर शनिवारी ये, नसेल जमत तर हा हंगाम सोड, पुढच्याला फोन करीन. तो गेला. वडिलांनी कमिटीत विषय काढला. पाळक मास्तरांच्या बाजूने उभे राहिले म्हणून निभावलं, नाही तर माझा सल्ला मास्तरांना महागात पडला असता. तो मुलगा अजून आलेला नाही. फोन दोनदा झालाय.

मागच्या महिन्यात मास्तर शेवटचे भेटले. झोप बरी आहे. नर्स मुलगी त्यांच्याकडे पेटी शिकतेय, आणि मास्तर पहिल्यांदाच एका रविवारी बायकोशेजारी बाकावर बसले. हातांचं काय करायचं कळेना, म्हणून गीताचं पुस्तक धरून ठेवलं. दुसऱ्या गाण्यात तिच्याकडून कोमल गंधाराची पट्टी अडकली. सूर वाजतच राहिला. एक ओळ, दोन ओळी. मुलीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"मग?"

"बायकोने माझा हात दाबून धरला होता," मास्तर म्हणाले. "तिने नखाने पट्टी वर काढली आणि पुढं वाजवलं. मी उठलो नाही."