रॉक गिटारिस्टचं जॅझ फ्यूजनमधलं सगळ्यात भारी काम कोणतं?

टॉमी बोलिन, ड्रमर बिली कोबमच्या ‘स्पेक्ट्रम’ या अल्बमवर (१९७३). पुढे १९७५मध्ये डीप पर्पल या रॉक बँडमध्ये गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरच्या जागी आला तोच. अल्बममधलं ‘स्ट्रेटस’ आधी ऐका. साधारण तीन मिनिटं नुसते ड्रम्स आणि सिंथ. घाईत पुढे ढकलू नका, कारण त्यानंतर ली स्क्लारचा बेस रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) सुरू होतो आणि शेवटपर्यंत हलत नाही. म्हणूनच बोलिनची साधी ब्लूज वळणंही तिथे पेटून उठतात.

बोलिनच्या गिटारचे ते ‘सुँईं’ करत घसरणारे आवाज एकोप्लेक्सचे, म्हणजे टेपवर प्रतिध्वनी काढणाऱ्या यंत्राचे (टेप एको): त्याचा दांडा वाजवता वाजवता सरकवायचा. आजच्या डिले (प्रतिध्वनीच्या) पेडलवर काढायचे तर फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा परत येतो ते) वाढवून टाइमची कळ फिरवा. मोड टेप किंवा अ‍ॅनालॉगच हवा. साध्या डिजिटल मोडमध्ये बऱ्याचदा सूर घसरतच नाही, नुसती खरखर येते.