काचबिंदूचे थेंब फ्रीजमध्ये ठेवले तर कमी झोंबतात का?

तुमच्या आईंना रात्री लॅटानोप्रोस्ट आणि दिवसातून दोनदा डोर्झोलामाइड-टिमोलॉल दिलंय, दुसरं फार झोंबतं, म्हणून दोन्ही बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण माझीही हीच जोडी चालू आहे.

डोर्झोलामाइडचं द्रावण मुळात आम्लधर्मी असतं. त्याचा पीएच साधारण ५.६, तर अश्रूंचा ७.४ च्या आसपास. बाटली गार केली म्हणून हा फरक मिटत नाही. मात्र कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, गारवा टिपणाऱ्या नसा भरपूर असतात. आधी गार लागतं आणि चुरचुर थोडी मागे पडते. मला इतकाच आराम वाटतो, जादू नाही.

खरा फायदा वेगळाच: गार थेंब डोळ्यात पडला की गालावर ओघळला, हे लगेच कळतं. नाहीतर म्हातारी माणसं ‘पडला की नाही’ म्हणत तीन-तीन थेंब घालतात आणि महिन्याची बाटली पंधरवड्यात संपते. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही.

आता औषधाचं. न उघडलेलं लॅटानोप्रोस्ट सहसा २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून दुकानदार ते फ्रीजमधून काढून देतो ना, तेवढं बघा. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतं, किती आठवडे ते खोक्यावर असतं. पण विदर्भातल्या मे महिन्यात २५ अंश आणायचे कुठून? मी तेव्हा ते फ्रीजमध्येच ठेवतो. दुसऱ्या बाटलीचं लेबल वाचा. ‘गोठवू नका’ म्हणजे ‘फ्रीजमध्ये ठेवू नका’ असं नव्हे, पण किमान तापमान छापलं असेल तर ते पाळा. फ्रीजरला चिकटून मात्र काहीच ठेवू नका.

गार थेंबाने दचकून डोळा मिटत असेल तर बाटली मिनिटभर मुठीत धरा. गरम पाण्यात बुडवू नका. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरून तोंड कडू होत नाही. दोन औषधांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या.

एवढं करूनही डोळे लाल राहत असतील किंवा पापण्या खाजत असतील, तर बेन्झाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास असू शकतो. त्याशिवायचे थेंबही मिळतात, महाग पडतात. थेंब बंद न करता डॉक्टरांना तसं विचारा.