ज्येष्ठ नागरिक संघाची एका दिवसाची सहल आणि नाटकाचा बेत कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या संघात साठेक सभासद आहेत, बहुतेक पासष्टीच्या पुढचे, आणि यंदाची सहल व नाटकं ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे, तर सुरुवात कुठून करायची?

स्वच्छतागृहापासून करा. चेष्टा नाही. ठिकाण कितीही देखणं असू दे, दर दीड-दोन तासांनी वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसेल तर निम्मे लोक सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी कोणाला तरी चक्कर येते. आता वेळेचा हिशेब बघा. बसमध्ये ३८ माणसं, त्यांत २२ बायका, थांब्यावर बायकांसाठी दोनच खोल्या आणि प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तरी ३३ मिनिटं होतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘चहापान १५ मिनिटे’ लिहून ठेवलं की दिवस तिथेच घसरतो, आणि तो उशीर शेवटी जेवणाच्या वेळेवर येतो. हॉटेलवाल्याला फोन करून ‘सोय आहे का’ विचारलं की तो ‘आहे’च म्हणणार. विचारायचं ते असं: कमोड किती, पाणी चालू असतं का, आणि तिथे जायला पायऱ्या किती?

पहिल्या सहलीसाठी वाई-मेणवली चांगलं. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, म्हणजे बसने अडीच तास, वाटेत नाश्ता धरून तीन. वाईत ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. लोक दर्शन घेऊन पुढूनच परततात, तुम्ही मागे नेऊन दाखवा. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा घाट आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. दोन ठिकाणं पुरे. तिसरं घातलंत की प्रत्येक जागी ‘चला, चला’ करत फिरावं लागतं.

जेजुरी, लेण्याद्री ही नावं सभेत हमखास येतात. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अर्धे लोक वर आणि अर्धे खाली बसलेले, अशी सहल कोणालाच आवडत नाही. अष्टविनायकच हवा असेल तर रांजणगाव-थेऊर करा, दोन्हीकडे चढ नाही.

वार मधला घ्या, मंगळवार ते गुरुवार. निवृत्त मंडळींना रविवारचं कौतुक कशाला? शनिवार-रविवारी महाबळेश्वरची सगळी गर्दी त्याच रस्त्याने जाते. संकष्टीही टाळा. आणि आधी दोघांनी जाऊन पाहणी करून यायची, त्यांतला एक गुडघेदुखीवाला असावा. पायऱ्या मोजायच्या, कठडा आहे का बघायचं, मोठी बस कुठवर जाते आणि तिथून पायी किती हे घड्याळ लावून चालायचं. तुमच्या पायाला जी वाट पाच मिनिटांची, ती गटाला पंधरा मिनिटांची.

आता पैसे. बहुतेक संघ इथेच बुडतात. समजण्यापुरते आकडे घेऊ. ४० आसनांची बस १६,००० रुपये, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग मिळून १,५००; एकूण १७,५००. याला ४० ने भागायचं नाही. दोन आसनं रिकामी ठेवायची, कोणाला आडवं व्हावं लागलं तर. उरले ३८. ऐन वेळी तीन-चार जण गळतात, म्हणून ३४ ने भागा: माणशी ५१५. नाश्ता, जेवण, दुपारचा चहा ३२०. प्रवेशशुल्क, औषधपेटी आणि चालक-क्लीनरचं जेवण यांचे ४०. झाले ८७५, वर्गणी ९०० ठेवा. सगळे ३८ आले तर चार जणांच्या बसभाड्याचे दोन हजार आणि वर्गणीतले माणशी वरचे २५ मिळून तीनेक हजार उरतात. ते पुढच्या सहलीच्या खात्यात टाका आणि हिशेब आठ दिवसांत फळ्यावर लावा.

नाव नोंदवलं म्हणजे जागा मिळाली, हे चालू देऊ नका. पैसे जमा, मगच जागा. सहलीला सात दिवस उरले की परतावा बंद, पण बदली माणूस देता येईल, एवढा एकच नियम पुरतो. प्रतीक्षायादी ठेवा म्हणजे बदली शोधण्याचं काम तुमच्याकडे राहणार नाही. पैसे ऑनलाइन घेत असाल तर शेऱ्यात सभासद क्रमांक लिहायला सांगा; मुलाच्या किंवा सुनेच्या खात्यातून आलेले पैसे कोणाचे, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

खासगी बसवाल्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: दर किलोमीटरला किती, कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लागणार, किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की पहिल्या थांब्यापासून, आणि गाडी बिघडली तर पर्यायी गाडी कोण देणार. गॅरेजचे जाऊन-येऊन किलोमीटर शेवटच्या बिलात येतात आणि वाद तिथेच होतो. पायरीची उंचीही प्रत्यक्ष बघा. पहिली पायरी फार उंच असेल तर प्लास्टिकचं भक्कम स्टूल बरोबर घ्या. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी भाड्याने, मिळते. मात्र ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास किंवा महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत नेहमीच्या फेऱ्यांसाठी असते. करारावरच्या गाडीला ती मनातल्या मनात लावून वर्गणी ठरवू नका. आधी आगारात विचारा.

बसायच्या जागांवरून जितकी भांडणं होतात तितकी जेवणावरूनही होत नाहीत. पुढच्या दोन रांगा गाडी लागणाऱ्यांना आणि गुडघे धरलेल्यांना. बाकी चिठ्ठ्या टाका, आणि परतताना पुढचे मागे, मागचे पुढे. शेवटची रांग फार आदळते, तिथे स्वयंसेवक बसवा, पाठीचा त्रास असलेला माणूस चुकूनही नको.

गाडीत चढताना डोकी मोजण्यापेक्षा जोड्या लावा. प्रत्येकाने आपला जोडीदार आला का एवढंच सांगायचं. डोकी मोजताना कोणीतरी खाली वाकलेलं असतं, कोणीतरी मध्येच उतरतं, आणि आकडा बरोबर आला तरी माणूस राहू शकतो. नवरा-बायकोची जोडी लावू नका. राहिले तर दोघंही राहतात. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असू द्या: नाव, घरचा फोन, रोजची औषधं, ॲलर्जी. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, हा क्रमांक कार्डाच्या मागे छापा. मधुमेहींमुळे जेवणाची वेळ साडेबाराची धरा. एक वाजला तर चालेल, दोन वाजता कामा नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पान समोर येतंय याची खात्री झाल्यावरच टोचून घ्यावं, हे गाडीतच सांगा.

नाटकाचं काम सोपं, पण त्याचे खोडे वेगळे. चाळीस तिकिटं हवीत तर प्लॅन उघडायची, म्हणजे तिकीटविक्री सुरू व्हायची, वाट बघत बसू नका. जाहिरातीत फोन क्रमांक असतो, त्यावरून नाटकाच्या व्यवस्थापकाशी आधी बोला. एकगठ्ठा तिकिटं घेणाऱ्याला सलग रांगा मिळतात, कधी थोडी सूटही. मागायच्या जागा अशा: तळमजला, चौथी ते दहावी रांग, आणि प्रत्येक रांगेत वाटेकडच्या चार-पाच खुर्च्या आपल्याकडे. बाल्कनी स्वस्त असते, पण अंधारात त्या पायऱ्या उतरणं सत्तरीत जोखमीचं. पहिली रांगही नको, मान अवघडते. कमी ऐकू येणाऱ्यांना मध्यावर बसवा. अगदी स्पीकरखाली बसवलं तर श्रवणयंत्र फाटल्यासारखा आवाज देतं.

खेळ साडेबाराचा घ्यावा की संध्याकाळचा? साडेबाराचा घेतलात तर लोकांना अकरा वाजता जेवून यायला सांगा, नाहीतर मध्यंतरात सगळे वड्याच्या रांगेत आणि तिसरी घंटा झाली तरी निम्मे बाहेर. संध्याकाळचा असेल तर सुटल्यावर रिक्षा मिळवणं हे खरं काम. भागानुसार तिघातिघांचे गट आधीच करून ठेवा. रात्री साडेनऊचा खेळ विसरा. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं असतं, तेवढ्यात चाळीस वडे आणि चहा होत नाहीत. दोन स्वयंसेवकांनी खेळाआधीच उपाहारगृहात पैसे भरून सांगून ठेवावं. भरत नाट्य मंदिराला जाणार असाल तर सदाशिव पेठेत गाडी लावायच्या फंदात पडू नका, रिक्षानेच या.

विषयाबद्दल एक: ‘हलकंफुलकं’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. निवड समितीतल्या एकाने आधीचा प्रयोग बघून यावा आणि लांबी विचारून घ्यावी. संगीत नाटक रंगलं की ‘वन्स मोअर’मुळे सहज लांबतं, आणि घरी जेवणाआधीच्या गोळ्या वाट बघत असतात.

तिकिटं सगळ्यांना आदल्या दिवशी वाटू नका. दोन जण हमखास घरी विसरतात. दारात, नाट्यगृहाच्या पायरीपाशी वाटा, आणि खेळ संपेपर्यंत अर्धं तिकीट फेकू नका असं बजावा. प्रयोग रद्द झाला तर खिडकीवर पैसे त्या तिकिटावरच मिळतात. ऑनलाइन घेतली असतील तर ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच खात्यात परत येतात, म्हणून ते खातं संघाचं असू द्या, कोणा एकाचं नको.