छेद लहान, तरी हात सहा आठवडे स्लिंगमध्ये का?

प्रश्न : माझे वय ५७ असून नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. पाच महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. वेणी घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये खांद्याची एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) अर्धवट फाटलेली दिसली. डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. आठ दिवसांत कामाला लागाल, असे ओळखीचे लोक सांगतात. ती करून घ्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आठ दिवसांचा समज मनातून काढून टाका. या शस्त्रक्रियेत खांद्याभोवती जेमतेम एक सेंटिमीटरचे काही छेद घेऊन सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आणि बारीक अवजारे आत घालतात, सलाइनने सांधा फुगवतात आणि पडद्यावर पाहत, हाडात रुतवलेल्या अँकरच्या, म्हणजे बारीक खुंटीच्या, दोऱ्यांनी फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला बांधतात. मोठा छेद टळत असल्याने सुरुवातीच्या वेदना कमी होतात, हे खरे. परंतु कंडरा हाडाला धरायला लागणारा काळ कातडीवरच्या छेदाच्या लांबीवर ठरत नाही. म्हणूनच कंडरा शिवल्यावर हात सहसा चार ते सहा आठवडे स्लिंगमध्ये ठेवतात, ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी सुरू करतात आणि पुरती ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. तेवढे दिवस कणीक कोण मळणार, पाणी कोण भरणार, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या. घरातल्या बाईच्या आजारपणात हा प्रश्न नेहमी शेवटी निघतो, याचे मला वाईट वाटते.

आता शस्त्रक्रियेच्या गरजेविषयी. साठीच्या आसपास खांदा मुळीच न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही अशी फाट आढळते, त्यामुळे केवळ अहवालावरून निर्णय घेऊ नये. कंडरा पूर्ण फाटलेली नसताना खांद्याच्या वरच्या हाडाचा भाग दुर्बिणीने घासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होत असे; ब्रिटनमधील ३१३ रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती केलेल्यांना आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यांना मिळालेल्या आरामात लक्षणीय फरक दिसला नाही. आपण फिजिओथेरपी घेतल्याचा उल्लेख पत्रात नाही. ती किमान तीन महिने नेमाने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेल्यास त्यानंतर काही दिवस साखर वाढते, हे ध्यानात ठेवून ती तपासत राहावी.

मधुमेहात खांदा आखडण्याचा विकारही अधिक आढळतो. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर दुखण्याचे कारण फाट नसून हा विकार असू शकतो आणि त्याचे उपचार निराळे असतात; डॉक्टरांकडून एवढे अवश्य तपासून घ्या. एवढे करूनही झोप लागत नसेल किंवा फाट वाढत असेल, तर शस्त्रक्रिया जरूर करावी, पण त्याआधी साखर आटोक्यात आणावी. मात्र पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर तीन महिने न थांबता त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.